आमच्या म्हशीचा वास

दिघोरीच्या अलीकडच्या आमच्या गावात सगळ्यात देखणी म्हैस आमची होती, आणि हे मी कुणालाही विचारून सांगत नाही. लहान वगार असतानाच आईनं ती माहेराहून आणली होती. रोज सकाळी तलावावर नेऊन आई तिला भाताच्या तणसाच्या बोळ्यानं घासायची, शेपटीखालपर्यंत साबण लावायची आणि माश्या बसू नयेत म्हणून वरून करंजाचं तेल चोळायची. तलावावरच्या बायका म्हणायच्या, "म्हशीले लग्नाले नेऊन रायली का वो?" आईला हे टोमणे फार आवडायचे. खरं सांगायचं तर मलाही.

अशी ही म्हैस पहिल्या वेतानंतर जी भाकड झाली, ती झालीच. म्हशीचा माज, म्हणजे नराची ओढ, तसाही मुका. गाय हंबरून गाव डोक्यावर घेते, म्हैस गुमान रवंथ करत उभी राहते. म्हणून आमच्याकडे सगळा भरवसा हेल्यावर, म्हणजे म्हशीच्या नरावर. गावचा हेला आमच्या म्हशीपाशी यायचा, मागून नाक लावायचा आणि तोंड फिरवून चालता व्हायचा. असं बरेचदा झाल्यावर बाबांनी ठरवलं, दिवाळी झाली की हिला बाजारात काढायची. भाकड म्हैस बाजारातून पुढे कुठे जाते, हे आईला ठाऊक होतं. ती भांडली नाही. तिनं फक्त घासण्याचा वेळ वाढवला. आपली म्हैस अजून चकाचक झाली तर हेल्याच्या मनात भरेल, असं तिला वाटत होतं.

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा भंडाऱ्याला बी.एस्सी.ला होते, प्राणिशास्त्र घेऊन. वर्गात मुली मोजक्या आणि सर भारी भिडस्त. सस्तन प्राण्यांच्या मीलनाचा भाग आला की ते फळ्याकडे तोंड करून बोलायचे. सुटी लागण्याआधी त्यांनी फळ्यावर गाईचं उभं कापलेलं डोकं काढलं. वरच्या जबड्यात पुढे दात नसतात, त्या जागेच्या मागे टाळूला दोन बारीक छिद्रं असतात आणि ती नाकाच्या तळाशी असलेल्या दोन नळ्यांना मिळतात. माजावरच्या मादीच्या मुतात, तिच्या अंगाच्या ओलीत एक वास असतो. नर ओठ वर उचलून तो या नळ्यांत ओढून घेतो. तिथून निरोप मेंदूला, मेंदूकडून त्याच्या खालच्या ग्रंथीला, आणि ग्रंथीची संप्रेरकं रक्तात उतरली की नराचं अंग जागं होतं. "अर्थात, वास पोचला तर," सर फळ्यालाच म्हणाले.

मी ताडकन सरळ बसले. आमच्या म्हशीला म्हशीचा वास होताच कुठे? जो होता तो साबणाचा आणि करंजाचा!

दिवाळीच्या सुटीला एस.टी.नं घरी आले, पण हे बोलायचं कसं? हेला आला की आमच्या घरातल्या बायका आत जाऊन दार लोटून घ्यायच्या. त्या विषयावर आईशीही बोलणं म्हणजे आगाऊपणाच. पण बाजार तोंडावर आला होता. आई तेलाची वाटी घेऊन गोठ्यात उभी होती, तिथेच मी सगळं सांगून टाकलं. नाक, नळ्या, मूत, काही म्हणता काही गाळलं नाही. आईचा चेहरा पडला.

"मंजे मीच तिले कसायाकडं पाठवून रायली का?"

"तसं नाही वो माय. तू फक्त आता तिले धुऊ नको."

आईनं वाटी नेऊन घरात ठेवली आणि पुन्हा गोठ्यात आणली नाही. म्हैस हळूहळू चार म्हशींसारखी दिसायला लागली, अंगावर शेण वाळलेलं, शेपटी चिकट. तलावावर बायकांना विषयच मिळाला, "काहून वो, साबन सरला का?" आयुष्यात कुणाचा शब्द खाली पडू न देणारी माझी आई मुकाट ऐकून घ्यायची आणि त्या घाणेरड्या म्हशीला नुसतं पाणी पाजून, मान वर करून गावातून परत आणायची. तिचा मला एवढा अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता. बाबा चिडले, "इकाची आहे, तं घान कायले ठेवली?"

"पोरीनं सांगतलं," एवढंच आईचं उत्तर.

मग एका सकाळी म्हैस शेपटी वर करून थेंब थेंब मुतायला लागली, म्हशीच्या माजाची एवढीच काय ती खूण. बाबांनी हेला आणला. बघायला गल्लीतली माणसं जमली, तशी बाबांनी आम्हाला आत जायची खूण केली. मी जागची हलले नाही. आई दारापर्यंत गेली, वळली आणि माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.

हेल्यानं नाक लावलं. थांबला. मग मान उंच करून त्यानं वरचा ओठ पार नाकावर चढवला आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

"हासून रायला पाह्य!" कुणीतरी म्हणालं.

"हासत नाही तो. वास घेऊन रायला," मी मोठ्यानं म्हटलं. आईनं माझा हात घट्ट धरला. या वेळी हेल्यानं तोंड फिरवलं नाही.

म्हैस गाभण राहिली, बाजार टळला. तेल थांबवल्यामुळेच, असं मी शपथेवर सांगणार नाही, थंडी लागली की म्हशी तशाही फळतात. आई मात्र शपथेवर सांगायची. पुढच्या वर्षी म्हैस व्याली आणि खरवस खायला बाबांची दोस्तमंडळी ओसरीवर बसली. बाबा हेल्याचं कौतुक करत होते. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून थेट पुरुषांत आली.

"हेला तं आंदीबी येत होता. म्हशीचा वास मीच आपल्या हातानं धुऊन टाकत होती. माह्या पोरीनं सांगतलं, म्हनून ते म्हैस आज दावनीले आहे."

सगळे खाली बघू लागले. बाबाही. मग त्यांनी मान वर केली आणि आत हाक मारली, "ये पोरी, बाहेर ये. कसं ते या लोकायले नीट समजावून सांग."

मी बाहेर आले आणि नाकापासून सांगायला सुरुवात केली.