आधी तीनदा रद्द

घरच्या जावयाचं टेंडर दुपारी चारला रद्द करायचं आणि संध्याकाळी त्याच जावयाला आग्रह करकरून वांग्याची भाजी वाढायची, असा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच झाला आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, मावशीचे हे यजमान. आम्ही त्यांना मावसाजी म्हणतो. अकोल्याच्या एका सरकारी कार्यालयात ते खरेदी शाखेचे हेडक्लार्क होते. सरकारला खाटा घ्यायच्या असोत की फिनाईल, टेंडर भरणाऱ्या प्रत्येकाचे कागद आधी त्यांच्या टेबलावर यायचे आणि बहुतेकांचे तिथेच राहायचे. लोक म्हणत, या माणसाकडे देवाचा अर्ज आला तरी हा पत्त्याचा पुरावा मागेल. मी म्हणायचो, नुसता मागणार नाही, दोन प्रतींत मागेल.

माझं काय झालं ते आधी सांगतो, म्हणजे मी असं का बोलतो ते कळेल. मी फौजेतला माणूस. सीमेवरच्या एका स्फोटात माझ्या उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. घरी परतल्यावर अमरावतीजवळ नांदगाव पेठेला एक गाळा भाड्यानं घेतला, आठ शिलाई मशिनी टाकल्या, आठ बाया कामाला घेतल्या आणि चादरी, उशांचे अभ्रे शिवायला लागलो. सरकारी दवाखान्यांना वर्षभर चादरी पुरवायचं टेंडर निघालं. माजी सैनिकांच्या छोट्या युनिटांना त्यात सवलत होती. मी भरलं. कागद मावसाजींकडे गेले. त्यांनी साहेबाला लेखी दिलं की अर्जदार माझ्या साळीचा जावई आहे, तपासणी दुसऱ्याकडे द्यावी. साहेब हसला आणि त्याच कागदावर लिहिलं, 'आपणच तपासावे.' मावसाजींनी तपासलं. नेमकं त्याच संध्याकाळी मावशीनं आम्हाला जेवायला बोलावलं होतं. मी जेवताना सहज विचारलं, "मावसाजी, आमच्या कागदाचं काय झालं?" त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकली आणि म्हणाले, "कारण लेखी कळवण्यात येईन. भाजी घ्या, जवाईबापू." तीन दिवसांनी गाळ्यावर पत्र आलं. फौजेच्या सेवापुस्तकावरची सही आणि प्रतिज्ञापत्रावरची सही जुळत नाही, सबब अपात्र. अहो, जुळणार कशी? एक सही उजव्या हाताची, दुसरी डाव्या हाताची. सुनंदा सहा महिने मावशीच्या दारात गेली नाही. मी तर पुढची काही वर्षं त्यांचं नाव निघालं की उठून बाहेर जायचो.

पण माणूस ऑफिसात एक आणि घरात एक असा नव्हता, हे कबूल करावं लागेल. घरातही तो तसाच होता. किराण्याच्या यादीवर खाली 'पान १ पैकी १' लिहायचे आणि सही करायचे. कोणी लग्नाची पत्रिका दिली तर चष्मा लावून शेवटपर्यंत वाचायचे आणि देणाऱ्याला सांगायचे की जेवणाची अंतिम वेळ नमूद नाही, उद्या कोणी रात्री दहाला आला तर नाही म्हणता येणार नाही. टेंडरमध्ये दोन लिफाफे असतात. पहिल्यात तुम्ही त्या कामाला लायक आहात का याचे कागद, दुसऱ्यात तुमचा भाव. पहिला पास झाला तरच दुसरा उघडतात. मावसाजींनी हा नियम संत्र्यांनाही लावला होता. एकदा मी त्यांच्यासोबत बाजारात होतो. संत्रेवाल्यानं सवयीनं भाव सांगायला तोंड उघडलं, तर हे म्हणाले, "थांब. भाव नको सांगू आताच. आधी फोड दे, पात्र ठर, मंग तुहा दुसरा लिफाफा उघडू." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी संत्र्यांकडे पाहिलं. तीन गाड्यांवर तीन फोडी खाऊन झाल्या तेव्हा कुठे पहिल्या गाडीवाल्याला भाव सांगायची परवानगी मिळाली.

असा माणूस रिटायर झाल्यावर काय करेल? नातवाला पाढे शिकवेल, विहारात जाऊन बसेल, असं आम्हाला वाटलं होतं. यांनी रेक्झिनच्या एका पिशवीत पंचिंग मशीन, टॅगच्या जुड्या, पान क्रमांकाचा शिक्का आणि डिंकाची बाटली भरली, एसटीचा पास काढला आणि ज्यांचे कागद आयुष्यभर परत पाठवले त्यांच्याच दारोदार फिरायला लागले. लहान युनिटवाले, त्यातही माजी सैनिक, त्यातही हातापायानं अधू. बार्शीटाकळीला एक हवालदार आहे, एक पाय नकली, लोखंडी खाटा बनवतो. त्यानं मला सांगितलेली गोष्ट आहे. मावसाजी त्याच्या वर्कशॉपमध्ये गेले, टेबलामागे खुर्ची ओढून बसले, चष्मा नाकावर खाली घेतला आणि म्हणाले, "मी सरकार. आण कागद." त्यानं आणले. यांनी पाहिले आणि परत दिले. "रद्द. तेराव्या पानावर सई नाई." तो म्हणाला, तेरावं पान कोरं आहे. "कोरं आहे म्हणूनच कर. उद्या कोणी काई लिहून टाकलं तं?" दुसऱ्या दिवशी पुन्हा रद्द, नोंदणीचा दाखला जुना निघाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा रद्द. हवालदार वैतागून म्हणाला, तुम्ही मदत करायला आलात की सूड घ्यायला? मावसाजी शांतपणे म्हणाले, "माह्याकून तीनदा रद्द झाला तं तिथं एकदाच पास होते." आणि तसंच झालं. तिन्ही दिवस त्यांनी त्याच्याकडचा चहा घेतला नाही. प्रकरण विचाराधीन असताना चहा चालत नाही, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या गाळ्यात ते आले तेव्हा आठपैकी सहा मशिनी झाकून ठेवलेल्या होत्या. खाजगी दुकानांच्या फुटकळ ऑर्डरींवर जितकं चालेल तितकं चाललं होतं. सहा बाया सोडून गेल्या होत्या, बेबीताई आणि तिची जाऊ तेवढ्या राहिल्या होत्या, त्याही रोज विचारायच्या, भाऊ, पुढच्या महिन्यात आहे ना काम? चादरींचं टेंडर पुन्हा निघालं होतं. हेही गेलं तर गाळा सोडायचा आणि एटीएमबाहेर वॉचमन म्हणून उभं राहायचं, हे मी आणि सुनंदानं ठरवून टाकलं होतं. माजी सैनिक म्हटला की लोकांना तोच दिसतो, हातात दांडा घेऊन दारात उभा. मला ते करायचं नव्हतं. मावसाजी दारात आले, "जय भीम" म्हणाले, पिशवी खाली ठेवली. मी खुर्ची दिली नाही. ते उभ्यानंच म्हणाले, "जवाईबापू, राग माह्यावर ठेवा. कागद इकडे द्या."

आणि मग त्यांनी माझा जो छळ मांडला तो फौजेच्या ट्रेनिंगमध्ये झाला नव्हता. दोनशे पानी वही आणून दिली आणि सांगितलं, रोज शंभर सह्या, डाव्या हातानं. अकोल्याहून दिवसाआड यायचे आणि वही तपासायचे. ही सही कालच्यापेक्षा वर चढली, रद्द. हिचं शेवटचं वळण पडलं, रद्द. बेबीताई मशीन थांबवून हसायची. पंधरा दिवसांनी माझी डावी सही कोणत्याही पानावर एकसारखी यायला लागली. मग डॉक्टरचं प्रमाणपत्र, की उजवा हात सही करू शकत नाही. बँकेचा शेरा, की आता हीच सही खरी. नवं प्रतिज्ञापत्र. हे तिन्ही त्यांनी गठ्ठ्याच्या सगळ्यात वर लावले, पान एक, दोन, तीन. म्हणाले, "सायबाले प्रश्न पडाच्या आधी उत्तर त्याच्या हातात असलं पायजे." अंतिम तारखेच्या दोन दिवस आधी सगळं पोर्टलवर चढवलं. माझं प्रकरण त्यांच्याकडून तीनदा नव्हे, नऊ वेळा रद्द झालं होतं.

टेंडर मिळालं. ऑर्डरचा कागद हातात आला त्या दिवशी सुनंदा गाळ्यात येऊन रडली. मी मावसाजींना फोन केला, ते पुढच्या एसटीनं आले, ऑर्डर शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "यावर जावक क्रमांक नाई. उद्या जाऊन टाकून आणा." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्या गाळ्यात चहा घेतला. मी विचारलं, तेव्हा काहून रद्द केलं होतं? त्यांनी कप खाली ठेवला. "त्या खुर्चीवर बसणारा आमच्या वस्तीतला मी पहिला. माहा एक कागद चुकला असता तं लोकायनं कागद नसता पायला, माहं आडनाव पायलं असतं. म्हणून म्या कोणाचंच काई सोडलं नाई." मग म्हणाले, "तुमची सई जुळत नव्हती, हे खरं होतं. काहून जुळत नाई, हे म्या विचारलं नाई. विचारायची अट नव्हती." माझा राग त्या दिवशी संपला. खरं तर तो वही तपासतानाच संपला होता, मी कबूल केलं नव्हतं.

आता आठही मशिनी चालतात. मावसाजी मात्र थकले. वर्षभरापासून त्यांचे हात थरथरतात, पिशवी खुंटीला असते. या नोव्हेंबरात ते पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. काउंटरवरच्या पोरीनं सही पाहिली आणि कागद परत दिला. जुळत नाही म्हणाली. मावशीनं सांगितलं की आधी ते खूश झाले, तिला म्हणाले, "शाबास पोरी, सोडू नको कोणाले." मग तिनं बिचारीनं चांगल्या मनानं शाईचा पॅड पुढे केला. आजोबा, अंगठा लावा, लगेच होऊन जाईल. ते कागद घेऊन घरी आले आणि दोन दिवस जेवले नाहीत.

मी अकोल्याला गेलो. ओसरीत बसले होते, पुढे दोनशे पानी वही. पानंच्या पानं सह्या, एक दुसरीसारखी नाही. म्हणाले, "अंगठा माह्या बापानं लावला, जवाईबापू. जलमभर लावला. मी नाई लावनार." मी पिशवी खुंटीवरून काढली. हात थरथरतो म्हणून सही बदलली, असं त्यांच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र मी येतानाच घेतलं होतं, प्रतिज्ञापत्र टाइप करून आणलं होतं. त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, मी सरकार, आणा कागद. त्यांनी सही केली. मी पाहिली आणि म्हटलं, रद्द. ते खाली मान घालून हसले. "कारण लेखी कळवा," म्हणाले. दुसरी केली. तीही मी रद्द केली, कारण नियम त्यांचाच होता. तिसरी करताना त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. सही ओळीच्या खाली गेली, शेवटचं अक्षर वाकडं झालं. मी ती पास केली आणि खाली साक्षीदार म्हणून माझी डावी सही ठोकली. त्यांची सही जुळत नव्हतीच. पण का जुळत नाही, ते मी पान एकवर लावलं होतं.