पाण्याआधी पोचायचं होतं आणि गाडीचा ऑक्सिजन सेन्सर गेला

मावसभावाचा पैठणहून फोन आला तेव्हा आप्पा जेवत होते. जायकवाडीचं पाणी इतकं आटलंय की आपलं जुनं गाव वर आलंय, आणि वरच्या धरणांतून पाणी सोडायची तयारी चाललीय. आप्पांनी हात धुतला आणि म्हणाले, "सुषमे, उद्याच निघू."

धरणात गाव बुडालं तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, शाळकरी पोर होते. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेले ते पहिले. त्या एकखोली शाळेचा चौथरा त्यांना पाहायचा होता. सोडलेलं पाणी आमच्या नाशिककडूनच येणार होतं, म्हणजे शर्यत गोदावरीशीच!

समृद्धीवरून लवकर पोचलो असतो, पण आप्पांना ओळखीचा रस्ता हवा होता, येवला-वैजापूरचा. येवल्याला मिसळ झाली. वैजापूर सोडल्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायला मी ॲक्सिलरेटर दाबला, तर गाडी ओढेचना. टर्बोचा नेहमीचा जोर गायब, एक गचका, आणि समोर इंजिनचा पिवळा दिवा. आरशात काळा धूर.

"काय झालं गं?"

"बघते, आप्पा."

लासूर स्टेशनला चहाच्या हॉटेलापाशी थांबलो. माझी टर्बो पेट्रोल गाडी जुनी आहे, त्यामुळे बिघाडाचा कोड दाखवणारा छोटा स्कॅनर कायम जवळ असतो, तुम्हीही ठेवा. स्टिअरिंगखाली तो जोडला, मोबाइलवर कोड आला: ऑक्सिजन सेन्सर. हा सेन्सर जळून बाहेर पडणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि त्यावरून इंजिन पेट्रोल कमी-जास्त करतं. पण कोड आला म्हणून लगेच पार्ट बदलायचा नसतो. टर्बोचा पाइप कुठं फाटला असला तरी असाच कोड येऊ शकतो. बॉनेट उघडून पाइप चाचपले, क्लॅम्प हलवून पाहिले, वायर शेवटपर्यंत तपासली. सगळं शाबूत. मग इंजिन चालू ठेवून सेन्सरचा आकडा पाहिला. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की तो वर-खाली व्हायला हवा. हा एका जागी गोठलेला! सेन्सर 'पेट्रोल कमी पडतंय' असंच सांगत होता आणि इंजिन बिचारं ओततच होतं. म्हणून तो धूर.

बिघाड सापडल्याचा मला इतका आनंद झाला की आप्पा म्हणाले, "दुरुस्त झाल्यावानी काय हसतीस?"

हळूहळू संभाजीनगर गाठलं. आप्पा अजून औरंगाबादच म्हणतात. "हितं तर ज्वारी असायची," बिल्डिंगच्या प्रत्येक नव्या टॉवरकडं बघून त्यांचं चाललं होतं. बिल्डिंगांच्या फाटकांपुढं टँकरची रांग; या शहराला पाणी जायकवाडीचंच.

बायपासजवळच्या गॅरेजात शकीलभाईंना मोबाइलमधला आकडा दाखवला. "सेन्सरच हाय," ते म्हणाले. गुलमंडीकडच्या ओळखीच्या दुकानातून त्यांनी नवा मागवला. पाचेक हजार धरून चाला. खरी धास्ती जुना काढायची होती. तापून तापून तो पाइपात घट्ट बसलेला. आटे तुटले असते तर दोन दिवस गाडी तिथंच. तेवढ्यात मावसभावाचा फोन: पाणी सुटलं.

शकीलभाईंनी तेल मारलं आणि इंजिन कोमट असतानाच सेन्सरवर, वायरीसाठी खाच असलेला पाना चढवला. "मॅडम, आप वो पाइप पकडो. हिलने मत दो."

मी दोन्ही हातांनी धरलं. त्यांनी जोर लावला. काही नाही. पुन्हा. कट्ट!

"टूटा नहीं, छूटा!" शकीलभाई ओरडले.

जुन्याच्या टोकावर काजळीचा थर होता. नवा बसवला, कोड पुसला, इंजिन चालू केलं आणि आकडा नाचायला लागला. बायपासवर चक्कर मारली. टर्बोची शीळ ऐकून मीच ओरडले. शकीलभाईंना जय भीम करून आप्पा पुढं जाऊन बसलेसुद्धा.

पैठणजवळ डांबर सोडून कच्च्या रस्त्याला लागलो. गाडी घट्ट जमिनीवरच लावा, पुढं गाळ फसवा आहे. भेगाळलेला तळ, पायाखाली शिंपले कुरकुरतायत. आटलेल्या जागी खरबुजं लावलेली एक बाई घाईनं फळं गोळा करत होती.

"मावशी, शाळा कुठं होती हो?"

"त्या दगडापल्याड. बिगी बिगी जावा, पाणी येतंय म्हणत्यात."

आप्पा माझ्यापुढं चालत होते. मला धावावं लागलं. गुडघाभर उंचीचा काळ्या दगडांचा चौथरा, तीन पायऱ्या. त्यांनी चपला काढल्या, वर चढले आणि एका कोपऱ्यात मांडी घालून बसले.

"मी हितं बसायचो. गुरुजींनी पयल्याच दिवशी आत बोलावलं. बाहेर नाय, आत." मग मोठ्यानं हसले. "अन् गणितात नापास बी हितंच झालो!"

सूर्य कलेपर्यंत आम्ही तिथंच होतो. मावशींनी एक खरबूज दिलं, ते चौथऱ्यावरच फोडून खाल्लं.

नाशिकला परतल्यावर मी दोन दिवस सेन्सरच्याच गोष्टी सांगत होते. मग मावसभावानं फोटो पाठवला: सगळीकडं पाणी, दगडाचं टोकही नाही. आप्पांना दाखवावा की नाही, कळेना. शेवटी दाखवला. त्यांनी बोटांनी तो मोठा केला, बराच वेळ पाहिला.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "त्या टॉवरवाल्यांच्या नळाला पाणी येईल आता."