एक ट्यूब नांदेडला, एक मुरुडला

त्या वर्षी आमच्या घरात एकच काम निघालं होतं, ते म्हणजे माझा चेहरा. कुणाच्या घरी बोअर घ्यायचं निघतं, कुणाच्या घरी स्लॅब टाकायचा निघतो; आमच्याकडे माझ्या गालांवरच्या पुटकुळ्या निघाल्या होत्या. पाहुणे बघायला यायच्या आत त्या गेल्या पाहिजेत, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं हे विचारायची सोय नव्हती.

मी नांदेडला एका ज्युनिअर कॉलेजात शिकवत होते आणि खोली करून राहत होते. शनिवारी दुपारी एसटी धरायची, लातूरला उतरून दुसरी गाडी पकडायची आणि मुरुडला घरी पोचायचं. रविवारी तेच उलटं. या सगळ्या प्रवासात तोंडाला स्कार्फ. आमच्याकडच्या पोरी ऊन असो नसो, डोळे तेवढे उघडे ठेवून सगळं बांधून घेतात, आणि माझ्यापुरतं तर ते बरंच होतं. कारण स्कार्फ सोडला रे सोडला की शेजारच्या सीटवरची बाई सुरू व्हायची. "कोरफड लाव बाई." "तेलकट खाऊन राहिली असशील." "पोट साफ होत न्हाई का?" माझ्या पोटाची चौकशी अहमदपूर ते लातूर चालायची, आणि मी मान हलवत बसायचे. भांडायला अंगात जोर लागतो. तो माझ्यात राहिला नव्हता.

त्याआधीच्या उन्हाळ्यात लातूरच्या एका मेडिकलवाल्यानं गोरं करणारी क्रीम दिली होती. आत्या मला तिथं घेऊन गेली होती. आत्या पलीकडच्या गल्लीत राहायची आणि माझ्या चेहऱ्याचा कारभार तिनं स्वतःकडे घेतला होता. क्रीमनं फरक पडला, खोटं का बोलू. आधी चेहरा उजळला, आत्या म्हणाली, "बघ, म्हणलं नव्हतं?" मग क्रीम थांबवली तशा पुटकुळ्या दुपटीनं उठल्या आणि कातडी इतकी पातळ झाली की पंख्याचा वारासुद्धा झोंबायचा. आत्यानं त्यानंतर तो विषय काढला नाही.

शेवटी नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. क्रीमचं नाव ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. त्यात स्टेरॉइड असतं, असं म्हणाल्या. आधी कातडी सावरू दिली, आणि मग बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल लिहून दिलं, कमी टक्क्यांचं. वाटाण्याएवढं घ्यायचं. रात्री तोंड धुऊन नीट कोरडं झाल्यावर, आणि सुरुवातीला एक दिवसाआड. एकेका पुटकुळीवर टिकली लावल्यासारखं लावायचं नाही, जिथं येतात त्या सगळ्या भागावर पातळ फिरवायचं. डोळे, ओठ, नाकाचे कोपरे सोडून. कोरडं पडेल, थोडं सोलेल, त्यावर मॉइश्चरायझर. दिवसा सनस्क्रीन. जास्त लावलं म्हणून लवकर गुण येत नाही, नुसती आग होते. सूज आली, फोड आले तर थांबवून सरळ दवाखान्यात यायचं. आणि दोन-तीन महिने तरी धीर धरायचा.

"आणि टॉवेल, उशीचा अभ्रा पांढराच वापरा," त्या म्हणाल्या. "हे कापडाचा रंग खातं."

बाकी सगळं मी ऐकलं, एवढं मात्र कानाआड केलं. माझा मरून स्कार्फ गालांच्या जागी नारिंगी झाला. उशीच्या निळ्या अभ्र्यावर कुणी फोडणी सांडावी तसे डाग पडले. औषध माझ्या पुटकुळ्यांवर काम करायच्या आधी कपड्यांवर करून मोकळं झालं होतं. तो फिका, भाजलेला रंग मला तेव्हापासून पाठ झाला.

पण गुण आला. सावकाश आला, रुसलेल्या माणसासारखा, पण आला. ने-आण नको म्हणून मी एक ट्यूब नांदेडला ठेवली, एक मुरुडला. गंमत अशी की मुरुडला मी फक्त शनिवारची रात्र असायचे, आणि तिथलीच ट्यूब आधी चपटी व्हायची. माझा संशय आत्यावर. तिच्या हनुवटीकडे मी बरेच दिवस बघत होते.

मग उदगीरचे पाहुणे आले. मुलाची आई माझ्यासमोर बसली. तिनं माझे गाल बघितले, ठीक. मग तिची नजर माझ्या आईकडे गेली आणि तिथंच राहिली. आईच्या दोन्ही गालफडांवर वांगाचे काळपट डाग आहेत. माझ्या जन्माच्या वेळी आले ते गेलेच नाहीत, आणि शेतातल्या उन्हानं वर्षानुवर्षं गडद होत गेले.

"तुमचं ह्ये कधीपासून हाय?" बाईनं विचारलं. "पोरीवर तर जायचं न्हाई ना?"

आई हसली. हसता हसता डोक्यावरचा पदर तिनं गालांपर्यंत पुढं ओढला. मी पोह्यांच्या बश्या गोळा करत होते. मला त्या बाईचा राग यायला हवा होता, पण मनात एवढंच आलं की आता हे लोक उठावेत आणि मला आडवं होऊ द्यावं. कळवतो म्हणाले. कळवलं काहीच नाही.

त्यानंतरच्या एका सुट्टीत मी घरी होते. आई अंगणात हरभरा वाळत घालत होती. मी दोरीवरचे कपडे काढायला गेले आणि तिची गडद निळी इरकल हातात आली. पदराच्या काठाशी, डोक्यावर घेतल्यावर जिथं तो गालाला टेकतो, तिथं नारिंगी डाग होते. एका टोकाला तर बोटांनी पुसल्याचे ओघळ. मला तो रंग ओळखायला वेळ लागला नाही.

"आई, इकडं बघ."

"काय न्हाई गं. साबण बदललाय."

"साबणानं पदर असा होतो का?"

तिनं वर बघितलं. गाल लालबुंद, सालपटं निघालेली, आणि मधले डाग पहिल्यापेक्षा काळे. कितीतरी शनिवार मी त्या घरात येत-जात होते, आणि तिच्या तोंडाकडे नीट बघितलं ते तेव्हा.

ती हरभऱ्याच्या कडेला बसली. "तुला गुण आला ना. म्हणलं मलाबी यील."

सकाळी अंघोळ झाली की ती स्नो लावावा तसं जेल तोंडभर चोळायची आणि उन्हात जायची. घाम आला की पदरानं पुसायचा, पुन्हा लावायचं. आग व्हायची तेव्हा तिला बरं वाटायचं. "झोंबून राहिलंय म्हणजे लागू पडून राहिलंय, असं वाटलं बग."

"पण तुला कशाला गं आता हे?"

"मला काय करायचंय माझ्या तोंडाचं!" ती एकदम चिडली. "पाव्हणे आधी तुझं बघतेत. मग माझं बघतेत. माझं बघून उठून जातेत."

मला रडू नाही आलं, संताप आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. त्या उदगीरच्या बाईचा, आत्याचा, चपट्या ट्यूबचा. लोकांकडून बघून घेण्याचा सगळा शीण एकट्या माझ्या वाट्याला आला आहे, असं मी समजत होते. आईच्या वाट्याला तो माझ्या जन्मापासून होता, आणि वर स्वयंपाक तिनंच करायचा होता.

सोमवारची रजा टाकून मी तिला नांदेडला घेऊन गेले. माझा विटका स्कार्फ तिच्या तोंडाला बांधला. तिला हसू आलं, "कॉलेजची पोरगी झाले की." एसटीत शेजारच्या बाईला सल्ला द्यायला कुणीच सापडलं नाही, म्हणून ती बिचारी खिडकीबाहेर बघत बसली.

दवाखान्यात आईनं सवयीनं मलाच पुढं ढकललं. मी बाजूला झाले आणि तिला स्टुलावर बसवलं. डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढला, पदर मागं सारायला सांगितला आणि भिंग घेऊन बघितलं. बराच वेळ बघितलं. आईनं डोळे गच्च मिटून घेतले होते.

"हे औषध पुटकुळ्यांचं आहे, वांगाचं नाही," त्या म्हणाल्या. "कातडी भाजली, वर ऊन लागलं, म्हणून जास्त काळं झालं. ते पूर्ण बंद करा. आधी ही आग शांत होऊ द्या. शेतात जाताना सनस्क्रीन, डोक्यावर मोठ्या काठाची टोपी. मग बघू. फिकट होईल, पण सगळं जाईलच असं मी म्हणणार नाही."

आईनं डोळे उघडले. मग जे विचारायला ती इतक्या लांब आली होती ते विचारलं.

"बाई, ह्ये पोरीवर जातंय का?"

"जाऊ शकतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नक्की सांगता येत नाही."

आईचा हात पदराकडे गेला. मी तो मधेच धरला.

"जाऊ दे की," मी म्हणाले. "तुझं तोंड माझ्यावर आलं तर त्यात पाव्हण्यांचं काय जातं?"

"गप बस," ती म्हणाली. पण पदर तिनं पुढं ओढला नाही.