टेबलाखालची जमीन

माझे अक्षर वाईट आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमले नाही. मराठी चौथीनंतर शाळा सुटली. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

दादा जाऊन सव्वा महिना झाला. मी गंगेवरून (आम्ही गोदेला गंगाच म्हणतो) भाजी घेऊन आले, तर तो टेबलावर डोके टेकून बसलेला... झोप लागली असेल म्हणून मी आधी भाजी निवडून घेतली.

दादा माझा थोरला भाऊ, नाशकात शाळामास्तर. वहिनी गेली, पाठोपाठ माझेही कपाळ पुसले गेले, तेव्हापासून त्याचे घर मी सांभाळले. तारेतून वीज गेली की चुंबकाची सुई कशी हलते, हे गावात पहिल्यांदा त्याने दाखवले. यंत्र घरीच केलेले. तांब्याच्या तारेला सुती दोरा मी गुंडाळायची, वेढे तो द्यायचा. "गोदू, बोटं तुझी आणि नाव माझं," म्हणून हसायचा. त्याच्या हाताखालची मुले आज ठिकठिकाणच्या वीजघरांत आहेत.

मग खोलीतल्या टेबलावर सुई ठेवून ती उत्तरेपासून किती सरते, ते तो रोज सकाळी वहीत मांडू लागला. असायला हवी त्यापेक्षा ती चार अंश जास्त सरे. इथल्या काळ्या दगडातच चुंबकाचा गुण असावा, असे लिहून त्याने पुण्याला पाठवले. तिथले एक प्रोफेसर आपले यंत्र घेऊन आले, गंगेकाठी दोन दिवस मोजत बसले आणि मग घरी चहाला आले.

"मास्तर, तुमचे चार अंश काही सापडले नाहीत. खोलीत कुठे लोखंड नाही ना?"

"किल्लीसुद्धा बाहेर ठेवून आत जातो मी."

"मग आकडे घरीच पिकले म्हणायचे," म्हणून प्रोफेसर हसले.

मी दाराआड कपबशा धरून उभी होते. त्या टेबलाखालच्या जमिनीत घोड्याची नाल होती. मोजणी सुरू व्हायच्या आधी शाळेत दादाचा सत्कार झाला आणि आठवड्यात तो तापाने पडला, तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून मीच ती पुरून वरून सारवले होते. तेव्हाच पुढे होऊन बोलले असते तर... परक्या माणसासमोर बोलायची सवय नव्हती, हे खरे. दादा काय म्हणेल याची भीती वाटली, हे त्याहून खरे.

दुसऱ्याच दिवशी सारवायच्या निमित्ताने नाल काढली आणि विहिरीत टाकली. चार दिवसांनी दादा म्हणाला, "सुई जागेवर आली गं. म्हणजे इतके दिवस माझेच डोळे चुकत होते." पुढे त्याने एकही आकडा मांडला नाही. सहा वर्षे मी त्याला दोन्ही वेळा वाढत राहिले, आणि हे सांगितले नाही.

परवा त्याचा एक जुना विद्यार्थी वह्या न्यायला आला. त्याला सगळे सांगितले. तो बराच वेळ वही चाळत राहिला.

"आत्या, दगडाचं त्यांचं म्हणणं चुकलं. पण आकडे चोख आहेत. नाल होती, तशी सुई सरली, आणि मास्तरांनी ती तशीच लिहिली."

"हे छापतील का कुठे?"

"छापतील. पण लोक तुम्हाला हसतील."

"त्याला हसलेच की."

म्हणून हे लिहिले. छापताना खाली 'एक भगिनी' असे घालू नये. माझे नाव गोदावरी. मी मास्तरांची धाकटी बहीण, आणि नाल मी पुरली होती.