सात नंबरची पापणी

जनावरांच्या दवाखान्यात तिला सगळे पापणीबाई म्हणत. झाडलोट आणि चारापाणी ही तिची नेमलेली कामं. पण सव्वीस वर्षं ती रोज सकाळी आधी प्रत्येक जनावराची खालची पापणी ओढून आतला रंग बघायची आणि मगच झाडू हातात घ्यायची. रंग एका वहीत लिहायची, तेही स्वतःच्या शब्दांत: चुना, साय, फिकट, गुलाबी. नवे डॉक्टर त्या वहीला हसत. हसोत बापडे.

सात नंबरची मेंढी आली तेव्हा पापणी चुना होती. पोटातल्या जंतांनी तिचं रक्त पिऊन टाकलं होतं. औषध सुरू झालं. रक्त घटलं की मूत्रपिंडातून एक संप्रेरक सुटतं आणि हाडांतल्या मज्जेला नवं रक्त बनवायला लावतं. रक्ततपासणीत ते सुरुवातीला भरपूर निघालं. नवव्या दिवशी मात्र धाडकन खाली आलं, आणि रक्त अजून जेमतेमच. तरुण डॉक्टरांनी तपासणीच्या कागदावर नजर फिरवली, कायमचं झोपवायचं इंजेक्शन भरून खिशात टाकलं आणि गोठ्याशी आले.

"मूत्रपिंडं गेली हिची. उगाच हाल नकोत. मावशी, दार उघडा."

पापणीबाईने चावी कमरेला खोचली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"नाही उघडत."

"अहो, आकडा बघा ना!"

"आकडा तुम्ही बघा. मी पापणी बघितलीय. परवा चुना, काल साय, आज फिकट. मूत्रपिंडं गेली, तर रंग आला कुठून?" तिचा आवाज चढला. "पोराला पाजायला घेतलं की रडायचं थांबतं, पोट भरायचं असतं तरी. म्हणून काय पोर गेलं म्हणायचं?"

"तुमची तक्रार करीन मी!"

"खुशाल करा. पण आधी सकाळच्या रक्ताच्या नळीतला थेंब काचेवर घेऊन भिंगाखाली बघा."

डॉक्टर पाय आपटत गेले. ती जागची हलली नाही. मनातून टरकली होती, पण हलली नाही.

तासाभराने ते परतले, तेव्हा तोरा उतरला होता.

"काचभर रक्ताच्या नव्या, कोवळ्या पेशी आहेत. हाडांतली मज्जा जोरात कामाला लागलीय, संप्रेरक तिथेच खर्च होतंय. म्हणून रक्तात कमी दिसलं." ते जरा घुटमळले. "दार उघडा, मावशी. पापणी बघायचीय मला."

"आधी खिशातलं इंजेक्शन इकडे द्या."

त्यांनी ते काढून दिलं. मग तिने चावी काढली.