एकशे चार सेंटीमीटरवरची सकाळ

चहाचा कप टेबलावर ठेवल्यावर काका आधी बघायचे, कप डुगडुगतो का. मग प्यायचे. लोक खिशात पेन ठेवतात, तशी ते सपाटी बघायची बोटभर पाणसळ ठेवायचे. कुणाच्याही घरात तसबीर तिरकी दिसली की न विचारता सरळ करायचे आणि वर यजमानांनाच म्हणायचे, "बसा ना, उभे का?" जोडफोटो, म्हणजे ओळीने जोडून एक लांब चित्र करायचे फोटो, काढायला लागण्याआधी एक फोटो स्वतःच्या तळहाताचा काढायचे आणि संपल्यावर आणखी एक. नंतर संगणकावर बसलं की कुठून कुठवर जोडायचं ते कळावं म्हणून. त्या तळहातावर तर्जनी अर्धीच होती.

लेथ मशीनवर त्यांची एकतीस वर्षं गेली. कारखान्यात त्यांना सगळे मिलीमीटर म्हणत. बोट गेलं ते तिथेच. त्यानंतर आठ महिने काकूंनी त्यांच्या शर्टाची बटणं लावली. "आणा, मी लावते," असं एकदाही म्हणाल्या नाहीत. दुधाचं, शेजारणीचं, कशाचं तरी सांगत जवळ यायच्या आणि बोलता बोलता लावून जायच्या. काकांच्या ते फार उशिरा लक्षात आलं. लक्षात आलं, पण कधी बोलून दाखवता आलं नाही.

गेल्या वर्षी काकू जिन्यात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, "जिना आता विसरा." म्हणजे गच्ची विसरा. रोज सकाळी सात वाजता गच्चीवरच्या लाकडी खुर्चीत जाऊन बसायचं, हा काकूंचा बावीस वर्षांचा नेम. तो तुटला. काकू भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागल्या. नऊ वाजेपर्यंत एक शब्द नाही. दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी बाई सकाळची मुकी झाली, याची काकांना धास्ती बसली. ती सकाळ पुन्हा आणायची, एवढंच त्यांनी डोक्यात घेतलं.

जुना कॅमेरा होता. शेजाऱ्याचा उंच तिपाई स्टँड आणला. गच्चीवर उभा केला, कॅमेरा थोडा थोडा फिरवत नऊ फोटो काढले, जोडले, सहा फुटी पट्टी छापून पलंगासमोरच्या भिंतीवर लावली.

काकूंनी चष्मा घालून पाहिलं.

"छान आहे. पण ही तुमची गच्ची."

"म्हणजे? दोन गच्च्या आहेत आपल्याला?"

"अहो, तुम्ही उभे राहून बघता. मी बसलेली असायचे. मला कठड्याच्या गजांतून दिसायचं सगळं. तो समोरचा बेकरीवाला शटर उघडायचा ना, मला फक्त कमरेपर्यंत दिसायचा, वरचा सगळा कठड्याच्या दांडीआड. इथे तर त्याचं टक्कल दिसतंय."

काका खुर्ची खाली घेऊन आले. काकूंना तिच्यात बसवलं आणि जमिनीपासून डोळ्यापर्यंत टेप लावली.

"हलू नकोस."

"पुतळा बसवताय की काय माझा?"

"एकशे चार," काका म्हणाले आणि तळहातावर लिहून घेतलं.

शेजाऱ्याच्या स्टँडचे पाय एवढ्या खाली आणले की डगमगत होते. काका दुकानात गेले. दुकानदाराने हलकाफुलका स्टँड काढला.

"काका, कार्बन फायबर. उचलला तरी कळणार नाही."

"मग नको. वाऱ्याने उचलला तरी मला कळणार नाही."

त्यांनी दुकानातला प्रत्येक स्टँड एकशे चारवर आणला. पायाला टिचकी मारायची आणि थरथर किती वेळात थांबते ते मोजायचं. ज्यांचा मधला दांडा वर काढावा लागला, ते बाद. "दांडा वर काढला की तीन पायांचा एक पाय होतो," त्यांनी दुकानदारालाच शिकवलं. शेवटी कोपऱ्यातला जुना, जड, ॲल्युमिनियमचा घेतला. दुकानदार म्हणाला, "हा मी विकायला नाही, दार अडवायला ठेवला होता." काका म्हणाले, "दार अडवतो म्हणजे चांगलाच आहे."

दुसरी पट्टी भिंतीवर लागली. बेकरीवाला कमरेपर्यंत आला. काकू हसल्या. मग बोट लावून म्हणाल्या, "पण माझ्या कुंडीला दोन कडा कधी फुटल्या? आणि गज मध्येच तुटलाय."

एकतीस वर्षं केसभरही चूक न खपवणाऱ्या माणसाच्या चित्रात गज तुटलेला!  दुसऱ्या दिवशी गच्चीवर त्यांनी कॅमेऱ्यासमोर ओळंबा टांगला. त्याचा दोरा दूरच्या खांबाच्या रेषेत आणला. कॅमेरा फिरवला, तसा दोरा खांबापासून सरकला. तेव्हा कळलं. कॅमेरा स्वतःच्या स्क्रूभोवती फिरत होता. तो भिंगाभोवती फिरायला हवा होता. लांबच्या इमारतींना फरक पडत नाही, पण हातभरावरची कुंडी लगेच चहाडी करते. उभं राहून काढलेल्या फोटोत कुंडी कुठे आलीच नव्हती.

काका जुन्या कारखान्यात गेले, ओळखीने तासभर लेथ मागून घेतलं. कॅमेरा मागे सरकवायची धातूची पट्टी केली आणि तिच्याखाली अठरा खाचांची चकती. खाचेत खटका बसला की पुढचा फोटो; प्रत्येकात मागच्याचा तिसरा हिस्सा यायचा. गच्चीवर येऊन ती पट्टी सरकवत गेले. दोरा खांबाला चिकटून राहिला, तिथे खूण केली. कॅमेरा उभा लावला. उजेडाचं माप एकदाच ठरवलं आणि मग कशालाही हात लावला नाही.

तिसरी पट्टी. काकू बराच वेळ बघत होत्या. गज अखंड होते. कुंडीला एकच कड होती.

"आज उशीर केला त्याने शटर उघडायला," काकू म्हणाल्या. सकाळचे सव्वासात वाजले होते.

काका स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच पातेलं घासत बसले.

काही दिवसांनी काकूच म्हणाल्या, "मागचं राहिलं."

"मागे काय आहे? टाकी आणि जिन्याचं दार."

"त्याच दारातून तुम्ही चहा घेऊन यायचात. मी वळून नाही बघायचे. पण पाठीला कळायचं."

काका पूर्ण फेरी काढायला तयार झाले. जुन्या नवाला नवे नऊ जोडता येत नाहीत. ऊन बदललेलं असतं. म्हणून अठराही नव्याने. चारही भिंतींवर पट्टी फिरणार होती आणि दार बरोबर पलंगाच्या मागे येणार होतं. दारात ते स्वतः उभे राहणार होते, हातात कप घेऊन. त्यासाठी कॅमेऱ्याला दहा सेकंद थांबायला लावून दारापर्यंत पोचायचा सराव त्यांनी चार दिवस केला. "धावलो तर चहा सांडतो, चाललो तर पोचत नाही," असं वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या मुलीला त्यांनी हसत सांगितलं. ती साहित्य शिकलेली. तिला ते म्हणाले, "तू लिहितेस ना, तुला बरं, सांडलं तर खोडता येतं."

गुरुवारी सकाळी त्यांनी सुरुवात केली. चौदा फोटो झाले. मग ढग आला. ढगात काढला असता तर भिंतीचा एक तुकडा काळवंडला असता. म्हणून काका थांबले. पुन्हा वर आणून टाकीच्या आडोशाला ठेवलेल्या काकूंच्या खुर्चीत ते बसले.

ती मुलगी कपडे वाळत घालायला आली, तेव्हा ढग गेला होता. स्वच्छ ऊन होतं. ती म्हणाली, "काका, आलं बघा ऊन." दोनदा म्हणाली. मग जवळ गेली.

काका गेल्यावरही काकू रोज सातला उठतात. समोरच्या पट्टीकडे बघतात आणि बोलतात, कधी बेकरीवाल्याशी, कधी कुंडीशी. त्या मुलीला म्हणाल्या, "माणसाने माझ्या डोळ्याची उंची मोजली गं. कोण मोजतं?"

स्टँड गच्चीवर आहे. तो हलवायला कुणाचा हात धजत नाही. चकतीचा खटका पंधराव्या खाचेत आहे. पंधरा, सोळा, सतरा, अठरा काढायचे राहिले. सोळावा दाराचा होता.