धुरा खाणाऱ्याची बायको

गावात दारू पिणारे होते, पत्ते कुटणारे होते, दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय ते हुंगत फिरणारेही होते. कस्तुराबाईच्या नशिबी मात्र धुरा खाणारा आला. ज्याला धुरा ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. दोन वावरांच्या, म्हणजे शेतांच्या, मध्ये जी उंचवट्याची गवताळ पट्टी असते, जिच्यावर बोरी-बाभळी, एखादा पळस, एखादा निंब उभा असतो, तो धुरा. तो दोघांचा असतो आणि एकट्याचा कोणाचाच नसतो. शहाणी माणसं त्याला हात लावत नाहीत. नानाजी शहाणा नव्हता. दर साली वखर धरला की धुऱ्याची एक वीत तो आपल्या वावरात ओढून घ्यायचा. कोणी पाहिलंच तर बैलाला शिव्या द्यायचा, जशी काही जमिनीची हाव बैलालाच सुटली होती.

कस्तुराबाई मालेगावकडची. तिच्या बापानं सोयरीक जुळवली तेव्हा नवरदेवाकडं धड पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर आल्या पावली परत गेला असता, कारण नानाजी तेव्हाही असाच होता, बारीक डोळ्यांचा, जेवताना दुसऱ्याच्या ताटात किती वाढलं ते पाहणारा. बाप आला तो थेट वावरात गेला. आसेगावच्या वाटेला, नाल्याच्या वरच्या अंगाला, तिरपं उतरत गेलेलं काळंशार वावर. म्हातारा खाली टेकला, मूठभर माती उचलली, दाबली, हुंगली, पुन्हा एकदा हुंगली आणि बसल्या जागेवरूनच म्हणाला, "देल्ली पोरगी."

ही गोष्ट कस्तुराबाई कधी विसरली नाही आणि नानाजीला तिनं विसरू दिली नाही. "माह्या बापानं मले तुमाले नाही देल्ली," ती चारचौघांत म्हणायची, "मातीले देल्ली. तुमी तिच्यासंगं आले, गव्हासंगं खडा येते तसे."

नवऱ्याकडून तिला लुगडं नको होतं, दागिना नको होता, गोड बोलणं तर त्याच्या बापजन्मी येणार नव्हतं. बापानं हुंगलेली ती माती वावरात राहावी, एवढंच तिला हवं होतं. आणि तेवढंच त्या माणसाच्यानं झालं नाही. खायला काळ अन् भुईला भार म्हणतात तो असा.

धुऱ्याच्या खालच्या अंगाला इंद्रभानचं वावर होतं. त्याच्या बापानं छप्पन साली धम्म घेतला, गावकीची कामं टाकली आणि घरातलं होतं नव्हतं ते मोडून नाल्याकाठचा हा तुकडा घेतला, कारण बरी जमीन त्याला कोणी विकतच नव्हतं. वावर कसलं, चिभडं. पावसाळ्यात घोटाभर पाणी, दिवाळीपर्यंत बैल घालायची सोय नाही, आणि नाल्याच्या अंगाला नुसतं लव्हाळ्याचं रान. त्यात बगळे, पाणकोंबड्या आणि रात्रंदिवस बेडकं. नानाजी त्याला बेडकाचं वावर म्हणायचा आणि खरं सांगायचं तर कस्तुराबाईही पदराआड हसायची. काळ्या मातीतली बाई होती ती, चिभडाकडं नाक मुरडणं तिला शोभत होतं.

लव्हाळा काढून टाक, पाण्याला चर खण, असा सल्ला गावातले मोठे शेतकरी पंजाबराव इंद्रभानला येता-जाता द्यायचे. इंद्रभान जिभेचा तिखट. "बगळ्यानं माह्यं काय घोडं मारलं?" एवढंच म्हणायचा. त्याच्या घरावर छप्पर त्याच लव्हाळ्याचं होतं, बैलांच्या बुडाखालीही तोच, आणि चर खणायला माणसं लावायची ऐपत नव्हती. म्हणून लव्हाळा राहिला.

धुऱ्याचं मात्र तसं नव्हतं. तो वरून रोडावत गेला. आधी गवत सरलं, त्या गवतावर कस्तुराबाईची म्हैस जगत होती. मग म्हैस सरली, तिला शेलूबाजारच्या बाजारात नेऊन उभी करावी लागली. मग पळस गेला, त्याच्या मुळांना वखर लागत होता म्हणून. कस्तुराबाई दरवेळी बोलायची आणि नानाजी दरवेळी हाच जबाब द्यायचा, "पराटीचं एक तास वाढलं, ते दिसत नाही काय तुले?" तास, म्हणजे कपाशीची एक ओळ, वाढलं होतं, खरंच. त्या तासातला कापूस मापात काडीनं वाढला नाही, पण ते मोजायची त्याला गरज वाटली नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. सरकारनं शिवारात बांधबंदिस्तीची कामं काढली आणि त्या उन्हाळ्यात कुणब्याघरच्या बाया अन् बौद्धवाड्यातल्या बाया एकाच रांगेत टोपली घेऊन उभ्या राहिल्या. पोटाला जात नसते, हे गावाला तेवढ्यापुरतं कळलं. एक बांध नानाजीच्या वावरातून आडवा गेला. कस्तुराबाईनं त्यावर रोज माती वाहिली, मान मोडेस्तोवर वाहिली. पोटात धड भाकर नव्हती, तरी तिला बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत त्या वावराच्या भल्यासाठी कोणी काही करतंय हे ती पहिल्यांदा पाहत होती, आणि ते तिच्याच डोक्यावरून चाललं होतं.

"याले हात लावसान तं याद राखा," तिनं नवऱ्याला बजावलं.

एक साल त्यानं लावला नाही. त्या साली पाणी बांधाला अडलं, जिरलं, आणि पराटी कमरेला लागली. दुसऱ्या कोणाला यातून अक्कल आली असती. नानाजीला पराटी दिसलीच नाही, बांधानं अडवलेली जागा दिसली. "सरकारनं माही जागा खाल्ली," असं तो ओट्याओट्यावर सांगत सुटला. जन्मभर धुरा खाणाऱ्याला कोणीतरी आपली जागा खाल्ली म्हणून झोप येईना. उन्हाळ्यात कस्तुराबाई भावाच्या लग्नाला मालेगावला गेली, तेवढी संधी साधून त्यानं बांधात नांगर घातला. चोरानंही घरधनी बाहेर गेल्यावरच घर फोडावं, तसा.

ती परत आली आणि वावराच्या तोंडाशी उभी राहिली. तिनं डोक्यावरून वाहिलेली माती सपाट झाली होती.

"आपल्याच घराची भित पाडली तुमी," ती म्हणाली, "अन् म्हणून राह्यले का घर मोठं झालं."

नानाजी हसला. हसायला काय लागतं? गावात तो एकटा नव्हता. पंजाबरावांनीही आपल्या वावरातला बांध मोडला होता, आणखीही कितीकांनी मोडला होता. हे लोक चावडीवर बसून सरकार काही करत नाही म्हणून बोंबलायचे.

श्रावणात एका दुपारी पाऊस असा कोसळला की समोरचा माणूस दिसेना. उताराचं पाणी आधी बांधाशी थबकत होतं, आता त्याला सरळ वाट मिळाली. वीत-वीत खाऊन हातभर उरलेला धुरा एका दमात फुटला. पराटी मुळासकट गेली. दुसऱ्या दिवशी वावरात जागोजाग पांढरा मुरूम उघडा पडला होता. कस्तुराबाईनं वाकून मूठ भरली, तर हातात खडे आले. ती तिथंच रडली. नवऱ्यासमोर रडायची तिला लाज वाटत नव्हती, किळस वाटत होती, म्हणून तिनं त्याच्याकडं पाठ केली.

माती फार लांब गेली नव्हती. खाली इंद्रभानच्या चिभडात शिरली आणि लव्हाळ्यानं तिला नाल्यात जाऊ दिलं नाही. वरच्या अर्ध्या वावरात काळा गाळ असा पसरला होता जसं कोणी सारवून ठेवलं. गाळानं तेवढी जागा पाण्याच्या वर आली होती, म्हणून यंदा दसऱ्यालाच इंद्रभाननं त्यात ज्वारी पेरली. माणूस हरवावा अशी ज्वारी आली. आणि नानाजी, जो इतकी वर्षं त्या वावराकडं पाहून थुंकत होता, रोज धुऱ्याच्या जागी उभा राहून कणसं पाहू लागला.

एक दिवस तो पंजाबरावांच्या ओट्यावर गेला आणि म्हणाला, "इंदरभानच्या वावरातली माती माही हाय. मले वापस पाह्यजे."

तुम्ही म्हणाल, लोक हसले असतील. नाही हसले. गंभीर होऊन बसले, कारण प्रत्येकाची माती कोणाच्या तरी वावरात पडली होती. पंजाबरावांनी मिशीवरून हात फिरवला. न्याय त्यांना कळत होता असं नाही, पण त्यांच्या वावराच्या वर भाऊसिंगचं वावर होतं. "असा निवाडा देल्ला," ते हळूच म्हणाले, "तं उद्या भाऊसिंग टोपलं घेऊन माह्या वावरात उभा राहीन."

इंद्रभानला बोलावणं गेलं. भांडण केलं तर गाव कोणाच्या अंगाला जाईल हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तो ओट्याखाली उभा राहिला आणि म्हणाला, "न्या बाप्पा. ज्वारी निघाली का न्या. फक्त माही माती तुमच्या मातीत मिसळली असन, ते तेवढी निवडून ठेवा. अन् बेडकं माहे हायेत, त्याईले धक्का नोका लावू."

पंजाबरावांना हायसं वाटलं, निवाडा द्यावा लागला नाही. नानाजीला वाटलं आपण जिंकलो.

उन्हाळ्यात तो बैलबंडी घेऊन खाली उतरला. वरून चिभडं वाळलेलं दिसत होतं, आत मात्र ओल होती. भरलेली बंडी कण्यापर्यंत रुतली. नानाजीनं बैलांना शिव्या दिल्या, बैलांच्या मायला दिल्या, शेवटी इंद्रभाननं आपली जोडी जुंपून बंडी ओढून काढली. नानाजीनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. उलट घरी येऊन म्हणाला, "त्याचं वावरच बेइमान हाय."

तरी त्यानं बरीच माती वर आणली. कस्तुराबाईनं त्याच्याआधीच काम सुरू केलं होतं. धुऱ्याच्या जुन्या जागी ती डोक्यावरून दगडं आणून एका ओळीत मांडत होती.

"आधी धुरा घाला जी," ती म्हणाली. तिनं नवऱ्याला 'जी' लावून कितीतरी वर्षं झाली होती. "हे सारी माती या दगडाईले लावा. वावराचं मंग पाहू. एवढं ऐका माह्यं, मंग जलमभर काई म्हननार नाही."

बाई स्वाभिमान गुंडाळून ठेवून मागत होती. आणि हा म्हणाला, "तू मले शेती शिकवू नको." त्यानं माती वावरात पसरली, दगडं उचलून बाजूला फेकली, कारण ती तासाला आडवी येत होती, आणि धुऱ्याच्या जागेवर पराटीची दोन तासं जास्तीची लावली. ती दोन तासं लावून झाल्यावर तो कमरेवर हात ठेवून अशा थाटात उभा राहिला की जणू त्यानं किल्ला घेतला.

आखाडात पाणी पडलं. माती जिकडून आली होती तिकडं परत गेली. ती दोन तासं आधी गेली.

भादव्यात गावभर निंदणं सुरू झाली. नानाजीच्या वावरात निंदायला काही नव्हतं, मुरमावर तणही धरत नव्हतं. कस्तुराबाईनं सकाळी भाकरी थापल्या, नवऱ्याची झाकून ठेवली, खुरपं घेतलं, पदर खोचला आणि वावरातून सरळ खाली चालत गेली. इंद्रभानच्या वावरात त्याची बायको बेबीताई आणि बौद्धवाड्यातल्या बाया निंदत होत्या. वरच्या अर्ध्यात मूग-उडीद, खाली लव्हाळा तसाच. कुणब्याघरची बाई खुरपं घेऊन आलेली पाहून सगळ्यांचे हात थांबले.

"काकू, तुमी?" बेबीताई म्हणाली.

"रोजानं आली, बाई. कोनतं तास धरू?"

बेबीताईनं आपल्या शेजारचं तास दाखवलं. कस्तुराबाई बसली. खुरपं घातलं तसं ते लोण्यात जावं तसं आत गेलं. तिनं माती उचलली, दाबली आणि नाकाशी नेली. बापानं केलं होतं तसंच. मग कामाला लागली.

थोड्या वेळात नानाजी वर दिसला. घरी झाकलेली भाकर खाऊन, बायको कुठं गेली ते विचारत विचारत आला होता. खाली पाहिलं आणि त्याचा आवाज फाटला.

"कस्तुरे, लाज इकली काय वं? कोनाच्या वावरात बसली? चाल घरी."

बाया पाहू लागल्या. कस्तुराबाई उठली नाही. मान फक्त वर केली.

"माह्या बापानं मले जिच्यात देल्ली तिच्यातच बसली मी," ती म्हणाली. "ते इकडं आली, म्हनून मी आली. अन् मधात धुरा असता, तं वलांडतानी दहादा इचार केला असता. तुमी तोही ठेवला नाही."

ती पुन्हा तासावर वाकली. दुपारी बायांसोबत लव्हाळ्याच्या सावलीला जेवायला बसली, बेबीताईच्या मडक्यातलं पाणी ओंजळीनं प्याली, आणि दुसऱ्या दिवशी यायचं किती वाजता ते विचारून घेतलं.

नानाजी बराच वेळ वरच्या अंगाला मुरमावर उभा होता. शिव्या द्यायला जवळ बैलसुद्धा नव्हता.